पाण्याचा घडा आणि प्रभुभोजनाचा प्याला

१

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास आजवर ज्या पद्धतीने लिहिला गेला, ती पद्धतच एकदा तपासून पाहिली पाहिजे. हा इतिहास म्हणजे प्रामुख्याने नामवंतांच्या धर्मांतराची मालिका आहे. नारायण शेषाद्री, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक. यांतील बहुतेक नावे ब्राह्मण घरांतली. त्यांच्या मनातली घालमेल, शास्त्रांचा अभ्यास, घरच्यांचा विरोध, बाप्तिस्मा, मग लेखन, असा तो क्रम असतो. ही माणसे मोठी होती यात शंका नाही. परंतु नगर, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या पट्ट्यात जो मराठी ख्रिस्ती समाज उभा राहिला, तो बहुसंख्येने महार आणि मांग वस्त्यांतून आलेला आहे. त्याचा विश्वास पुस्तकांत फारसा सापडत नाही. तो सापडतो पाण्याच्या घड्यात, पंगतीत, शाळेच्या जाजमावर, आजाऱ्याच्या उशाशी आणि मेलेल्या ढोराला हात न लावण्याच्या निर्धारात. म्हणूनच तो इतिहासात आला नाही.

बायबलाच्या नव्या करारात याकोबाचे एक छोटे पत्र आहे. कृती नसलेला विश्वास मेलेला आहे, असा त्याचा रोख. हे वाक्य प्रवचनांतून वारंवार ऐकू येते, पण त्याच पत्रातली उदाहरणे मात्र फारशी कोणी काढत नाही. एक उदाहरण बसण्याच्या जागेचे आहे: सभेत अंगठीवाला आला तर त्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यातल्या गरिबाला उभे ठेवायचे, ही रीत याकोब धिक्कारतो. दुसरे भाकरीचे: उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांना तो जाब विचारतो. तिसरे मजुरीचे: शेत कापणाऱ्यांची बुडवलेली मजुरी मालकाविरुद्ध ओरडते आहे, असे तो बजावतो. बसायची जागा, भाकरी आणि मजुरी. आपल्या गावगाड्यातल्या कोणत्याही अस्पृश्याला ही यादी समजावून सांगावी लागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील येशू तर शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो. यहुदी लोक ज्यांच्याशी भांड्याचा व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्यातली ती बाई. म्हणजे विटाळ मानणाऱ्यांच्या बाजूचा माणूस विटाळ मानल्या गेलेल्या बाईच्या हातचे पाणी मागतो. ही गोष्ट आमच्या महारवाड्यात पहिल्यांदा वाचली गेली असेल तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात काय उठले असेल, याची कल्पना करणे आम्हांला अवघड नाही. तिचे ख्रिस्ती समाजाने आणि त्याच्या सत्ताधाऱ्यांनी पुढे काय केले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२

हिंदू समाजाने धर्म नेहमीच आचारावरून ओळखला. मनात काय आहे हे कोणी विचारत नाही. कोणाच्या हातचे खाल्ले, हे सगळे विचारतात. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला, तेव्हा सनातन्यांनी केवढे काहूर माजवले! मुलाचा येशूवर विश्वास बसला होता की नव्हता, हा प्रश्न त्या वादात गौण होता. खरा प्रश्न पोटात गेलेल्या अन्नाचा होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे मिशनच्या साध्यासाध्या कृतींनाही येथे स्फोटक अर्थ का आला, हे उमगते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईत आले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) ठाणे उघडले. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आली, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ साली तिथेच वारली. तिच्या शाळा पाहूनच मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाल्याचे महात्मा जोतीराव फुले यांनी स्वतः सांगितले आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जी शाळा भरली, तिच्यामागे नगरचा हा धागा आहे. फरारबाईंनी कोणावर मोठा ग्रंथ लिहिला नाही. पस्तीस वर्षे रोज सकाळी उठून मुलींना अक्षरे गिरवायला लावली, एवढेच. या 'एवढेच'चे मोल ज्यांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला माणूस पहिल्यांदा आपल्याच पिढीत निघाला, त्यांना विचारावे.

मिशनच्या शाळा म्हणजे समतेचे नंदनवन होत्या, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. सुरुवातीच्या बहुतेक शाळांत शिकवणारे पंतोजी ब्राह्मण होते आणि मुलेही बहुधा वरच्या जातींची. तरीही दार बंद नव्हते. सरकारी शाळांशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे कबूल करूनही सरकारने हस्तक्षेप नाकारला. एका मुलासाठी इतर सर्वांचे शिक्षण धोक्यात घालता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. राज्यकर्ते ख्रिस्ती धर्माचेच होते. रविवारी चर्चला जात होते. त्यांच्याच धर्मग्रंथातला याकोब मात्र त्या दिवशी कचेरीत आला नाही.

याच्या आदल्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदया'ने. हे पत्र अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरला सुरू केले होते. मुक्ताबाई ख्रिस्ती नव्हती, तिला ख्रिस्ती करून घेण्याची अटही कोणी घातली नव्हती. एका अस्पृश्य मुलीचे म्हणणे जसेच्या तसे खिळ्यांत जुळवून छापणे, ही त्या काळात विश्वासाची कृतीच होती. निदान या एका कृतीपुरती तरी मिशनची बाजू आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

३

आता गावाकडे वळू. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. नगर जिल्ह्यात महार-मांगांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो या दुष्काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत. यावरून त्यांना 'दुष्काळी', 'पोटासाठी बाटलेले' असे हिणवले गेले. आजही हिणवले जाते. या हिणवण्यामागचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. ब्राह्मण धर्म बदलतो तेव्हा त्याच्या आत्म्याचा शोध घेतला जातो. महार धर्म बदलतो तेव्हा त्याचे पोट तपासले जाते. जणू काही उपाशी माणसाला आत्मा नसतो, आणि ज्या धर्माने त्याला उपाशी ठेवले त्या धर्मावर त्याने श्रद्धा ठेवायला हवी होती! भाकरी देणारा आणि मुलाला पाटी देणारा माणूस ज्या देवाचे नाव घेतो, त्या देवाकडे उपाशी माणूस वळला, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? याकोबाच्या कसोटीने पाहिले तर हा विश्वासाचा सरळ मार्ग आहे. आधी कृती दिसली, मग श्रद्धा बसली.

बाप्तिस्म्यानंतर त्या वस्त्यांत बदलले काय? सिद्धांत थोडे बदलले, सवयी जास्त. मेलेल्या ढोराचे मांस खायचे नाही. मुलगी खंडोबाला मुरळी म्हणून सोडायची नाही. मुलाला पोतराज करायचे नाही. सातव्या दिवशी एकत्र बसायचे आणि पोरांना शाळेत धाडायचे. यांतली प्रत्येक गोष्ट बोलायला सोपी आणि करायला महाकठीण होती. ढोर ओढणे हे वतनाचे काम होते. ते नाकारले म्हणजे बलुत्यावर गदा, पाटलाचा रोष, खळ्यावरून रिकामे परतणे. धर्मांतरामुळे कोणाचा मालमत्तेचा हक्क जाऊ नये असा कायदा कंपनी सरकारने १८५० मध्ये केला होता खरा. पण खळ्यावरचा पाटील कायद्याचे पुस्तक उघडून बलुते मोजत नव्हता. म्हणून शहरातल्या सुशिक्षित धर्मांतरितापेक्षा गावातल्या महार ख्रिस्त्याची रोजची परीक्षा अधिक कडक होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. शहरातला माणूस आप्तांना मुकला. गावातला रोजच्या भाकरीला मुकण्याच्या धोक्यात राहिला, आणि तरी तिथेच राहिला.

या वस्त्यांतला मध्यवर्ती माणूस म्हणजे मिशनचा मास्तर. बहुधा तोही महार किंवा मांगच. नगरच्या शाळेत चार बुके शिकून तो एखाद्या गावी जाई, तक्क्यात किंवा एखाद्या पडवीत धूळपाटीवर मुलांना बसवी. दिवसा शाळा, संध्याकाळी भजन, रात्री वस्तीतल्या कोणाचा कागद वाचून दाखवणे. सावकाराच्या कागदावर अंगठा देण्याआधी तो कागद वाचून दाखवणारा माणूस वस्तीत असणे, हे त्या काळी केवढे मोठे संरक्षण होते! त्याच्या बायकोलाही अनेकदा अक्षरओळख असे. ती घरोघर जाऊन बायकांना गाणी शिकवी, बाळंतिणीकडे पाही. मिशनच्या अहवालांत या जोडप्यांचा उल्लेख बहुधा आकड्यांच्या रकान्यात येतो: इतक्या शाळा, इतके देशी सेवक. नाव, गाव, स्वभाव, दुःख यांतले काहीच त्या रकान्यात मावत नाही.

जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी धर्मांतरितांसाठी बेथेल नावाची वसाहत वसवली. तिथे आलेल्यांत मांगांची संख्या मोठी होती. ब्राह्मण कुळात जन्मलेला माणूस मांगांच्या वस्तीत आयुष्य घालवतो, ही घटना एकोणिसाव्या शतकात सामान्य नाही. ज्या घराण्यातल्या धाकट्या भावाच्या जेवणावरून मुंबईत रण माजले होते, त्याच घराण्यातला थोरला भाऊ मांगांच्या पंगतीला बसला. परंतु येथेही आपला नेहमीचा अनुभव येतोच. बेथेल म्हटले की शेषाद्रींचे नाव निघते. तिथली जमीन ज्यांनी कसली आणि घरे ज्यांनी उभारली, त्यांचे एकही नाव निघत नाही.

४

स्वयंपाकघरातला इतिहास याहून बोलका आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे मुलींना जातीचे सोवळे-ओवळे पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. चालविणारी बाई ख्रिस्ती, पण चूल मात्र ब्राह्मणी. पुणेकरांचा विश्वास टिकवण्यासाठी ती तडजोड होती आणि तरीही १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडलेच. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी दुष्काळी मुलुखात जाऊन मुली गोळा केल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता या मुली सगळ्या जातींच्या होत्या. इतक्या भुकेल्या पोरींपुढे ब्राह्मणी चूल टिकणे शक्यच नव्हते. विहिरी, शेत, माग, छापखाना या सर्व ठिकाणी त्याच मुलींचे हात राबले. रमाबाईंच्या विश्वासाचा हा दुसरा बाप्तिस्मा म्हणावा लागेल. पहिला इंग्लंडात पाण्याने झाला, दुसरा केडगावात भाकरीने.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई ब्राह्मणच राहिल्या. ख्रिस्ती नवऱ्याच्या जवळ राहूनही त्यांनी वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक सांभाळला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे कमालीच्या प्रांजळपणे सांगितले आहे. जात देवाने केलेली नसून माणसांनी केलेली आहे, हे त्यांना पटले आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घड्यातला विटाळ गेला, मग बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर आले. मराठी वाङ्मयात अस्पृश्यता सोडण्याचा इतका खरा आलेख दुसरा क्वचितच असेल.

पण येथे आम्हांला एक प्रश्न विचारायचा आहे. ज्या हातांचे पाणी लक्ष्मीबाई प्यायल्या, त्या हातांचे आत्मचरित्र कुठे आहे? नगरच्या मिशनच्या आवारात ज्या महार-मांग ख्रिस्ती बायका राहत होत्या, त्यांनी ही ब्राह्मणीण वर्षानुवर्षे आपला घडा त्यांच्यापासून जपताना पाहिली असेल. एकाच देवाची गाणी म्हणणाऱ्या घरात आपल्या सावलीचा विटाळ मानला जातो, हे त्यांनी गिळले असेल. ती बदलली तेव्हा त्यांनी तिला पाणी दिले. पाणी घेणाऱ्याचा मोठेपणा नोंदला गेला. इतकी वर्षे अपमान सोसून ओंजळीत पाणी ओतणाऱ्या बाईच्या क्षमेची नोंद कोणी केली नाही. येशूच्या त्या गोष्टीतल्या शोमरोनी बाईचेही नाव योहानाने लिहिलेले नाही, हे येथे आठवते.

इस्पितळांची गोष्टही अशीच. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडले. त्यांची शस्त्रक्रिया दूरवर गाजली. परंतु रोग्याचे अंग पुसणे, पू काढणे, मळमूत्र उचलणे ही कामे कोणी केली? सवर्ण घरांतल्या स्त्रिया या कामाला विटाळाच्या भयाने कितीतरी दशके शिवल्या नाहीत. भारतातल्या सुरुवातीच्या परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा होता तो यामुळेच. जातीने ज्या हातांना घाण उपसायला लावले होते, त्याच हातांनी शिकून, पांढरा पोशाख चढवून, त्याच कामाची सेवा केली आणि तिला पगार, प्रशिक्षण व प्रतिष्ठा मिळवून दिली. ब्राह्मण रोगी त्या हातचे औषध प्याला. घरी गेल्यावर त्याने गोमूत्र शिंपडले असेल, तो भाग वेगळा. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा नगरच्या बूथ इस्पितळात हजारो रोग्यांवर उपचार झाले. त्या वेळी तर सख्खे नातेवाईक आपल्या माणसाला शिवायला तयार नव्हते. शिवण्याचे धैर्य ही या समाजाची जुनी कमाई आहे.

५

आतापर्यंत जमेची बाजू सांगितली. खर्चाची बाजू लपवली तर हा लेख प्रवचन होईल.

या देशातले चर्च जातीपुढे अनेकदा वाकले. तमिळ प्रदेशात तरंगमबाडीच्या जुन्या चर्चमध्ये शूद्र आणि परैय ख्रिस्त्यांच्या बैठका वेगळ्या होत्या. प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्याला ओठ लावायला वरच्या जातीचे ख्रिस्ती कां कूं करीत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद पूर्णपणे सोडून द्यावा असे फर्मान काढले, तेव्हा दक्षिणेतल्या कित्येक वेल्लाळ ख्रिस्त्यांनी चर्च सोडणे पसंत केले, पण जात सोडली नाही. गोव्यात चर्चशी जोडलेल्या कॉन्फ्रारियांचे सभासदत्व जातीवरून ठरत आले. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या थडग्यांमध्ये आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत घातलेली आहे. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांनी मेलेल्यांमध्ये भिंत घालावी, यापेक्षा मोठी थट्टा कोणती? महाराष्ट्रात असे उघड प्रकार कमी, पण महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरिकीचा विषय निघाला की काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका प्याल्यातून पिणारे एका मांडवात येत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही उणीव नेमकी हेरली होती. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सर्व धर्मांचे लोक त्यांच्याकडे येत होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. परंतु दक्षिणेतल्या चर्चमधला जातिभेद आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाजाने समाज म्हणून कधीच लढा दिला नाही, ही गोष्टही त्यांनी स्पष्ट सुनावली. धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी पुढे केलेले लेखन त्यांच्या निधनानंतर शासनाने प्रसिद्ध केले. त्यात ते विचारतात की मिशनच्या महाविद्यालयांचा आणि इस्पितळांचा लाभ मुख्यतः कोणाला झाला. तो वरच्या जातींच्या हिंदूंना झाला, असे त्यांचे उत्तर आहे. आणि तुझे दुःख तुझ्या पापातून आले असे शिकवले की, ते दुःख समाजरचनेतून आले हे माणूस विसरतो, असा त्यांचा आक्षेप आहे.

हा आक्षेप या लेखाच्या विषयाच्या मुळाशी जातो. रोजच्या कृतीतून विश्वास जगणे चांगले. पण ती कृती दयेची आहे की हक्काची? मिशनने पाणी दिले. फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेही देणेच होते, पण आपल्या जातीचा रोष ओढवून घेऊन दिलेले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी कोणी दिले नाही, ते घेतले गेले. दिलेल्या पाण्याने तहान भागते. घेतलेल्या पाण्याने माणूस उभा राहतो. ख्रिस्ती सेवेने आमच्या कित्येक पिढ्यांची तहान भागवली, याबद्दल कृतज्ञ राहूनही हा फरक विसरता येणार नाही. याकोबाने मजुरी बुडवणाऱ्या मालकाला दान करायला सांगितले नव्हते. बुडवलेली मजुरी ओरडते आहे, असे सांगितले होते. चर्चने त्याची दयेची वचने उचलली आणि मजुरीचे वचन पुस्तकातच ठेवले.

हे ओळखणारे ख्रिस्ती विचारवंत पुढे निघाले, ही समाधानाची गोष्ट आहे. अरविंद पी. निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या मांडणीपासून दलित ईश्वरविद्येचा आरंभ मानला जातो. 'दलित' हा शब्द त्या विद्येने मराठी चळवळीच्या पुण्याईवर घेतला. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे कार्डिनल झाले, तेव्हा त्या पदावर पहिला दलित पोहोचला. दोन हजार वर्षांच्या चर्चला आणि त्याच्या भारतातल्या शतकांना एवढा वेळ का लागला, हे चर्चनेच सांगावे.

६

चर्चने जात सोडली नाही, आणि राज्याने मात्र चर्चमध्ये जात नाही असे धरून चालण्याचे ठरवले! १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यांना यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले सुसाई यांचे प्रकरण पाहा. मद्रासच्या रस्त्यावर बसून जोडे शिवणारा हा आदिद्रविड माणूस. अनुसूचित जातीच्या चांभारांना मोफत टपऱ्या वाटल्या, त्याला नाकारली, कारण तो ख्रिस्ती होता. हात तेच, आरी तीच, रस्ता तोच, गिऱ्हाईकाची नजर तीच. बदलला होता तो फक्त देव. न्यायालयाने त्याची याचना फेटाळली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही याच कारणाने दलित ख्रिस्त्याला मिळत नाही. त्याला मारणारा मात्र मारण्यापूर्वी बाप्तिस्म्याचा दाखला पाहत नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने तो तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये पुन्हा माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला.

याचा परिणाम आम्ही शिक्षक दर वर्षी प्रवेशाच्या वेळी पाहतो. काही विद्यार्थ्यांना दोन नावे असतात: घरात एक, दाखल्यावर दुसरे. रविवारी ज्याचे नाव गातात, सोमवारी अर्जावर त्याचे नाव लिहिता येत नाही. त्यांना खोटे म्हणणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत विश्वास उघड जगण्याची किंमत शिष्यवृत्ती आणि वसतिगृह ही असते, त्या व्यवस्थेत खोटे कोण, हा विचार आपण केला पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या पणज्याने ढोर ओढणे नाकारून बलुते गमावले होते. आज पणतू अर्जाच्या रकान्यापुढे पेन धरून बसतो. परीक्षा तीच आहे.

आमच्या बौद्ध कार्यकर्त्यांपैकी काहींना हा प्रश्न परका वाटतो. आरक्षणात वाटेकरी नकोत, असेही कानावर येते. या मित्रांना एवढेच विचारावेसे वाटते की १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत आपणही केंद्राच्या त्या यादीबाहेर होतो, हे आपण इतक्या लवकर विसरलो काय? आणि बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तरी कशाच्या आहेत? काय करीन आणि काय करणार नाही, याच्याच त्या आहेत. आपलाही धम्म आचाराचाच आहे. त्याची कसोटीही सोयरिकीत, पंगतीत, घरातल्या बाईच्या पानात आणि मातंग शेजाऱ्याच्या ओसरीवरच लागणार आहे.

जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका घराची कल्पना मांडली आहे. त्या घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असला, तरी सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने एकत्र राहावे, असे त्यांचे सांगणे. असे घर मराठी मुलुखात अजून क्वचितच दिसते. परंतु नगर-जालन्याच्या वस्त्यांत बौद्ध भाऊ आणि ख्रिस्ती बहीण एकाच नळावर पाणी भरतात. एकाच्या घरी बुद्धवंदना, दुसऱ्याच्या घरी ख्रिस्ती भजन; मयताला दोघेही खांदा देतात. या साध्या व्यवहाराचा इतिहास लिहिणे आता आपल्या पिढीचे काम आहे. मिशनच्या अहवालातल्या त्या रकान्यांमागची नावे शोधावी लागतील. वस्तीतल्या म्हाताऱ्या मास्तरणींकडे, निवृत्त परिचारिकांकडे वही घेऊन बसावे लागेल. त्या आहेत तोवरच हे काम होईल. विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीपासून ते सुरू करावे.